‘रुपया घसरला’ म्हणजे नेमकं काय झालं? अलंकार ओळखण्याची सोपी रीत

वर्तमानपत्राचं कुठलंही पान उघडा. रुपया घसरला, बाजार सावरला, महागाईने पुन्हा डोकं वर काढलं, प्रशासनाला अखेर जाग आली. यातलं एकही वाक्य शब्दशः खरं नाही, आणि तरीही वाचताना कोणी अडखळत नाही. तोच वाचक व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसला आणि ‘उपमा आणि उत्प्रेक्षा यांत फरक काय?’ या प्रश्नापाशी आला, की गोंधळतो. दहावीची मुलं गोंधळतात, स्पर्धा परीक्षा देणारे गोंधळतात आणि मुलांना शिकवायला बसलेले पालकही.

कारण साधं आहे. आपल्याला अलंकार खुणेच्या शब्दांवरून शिकवले जातात. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. खुणा पाठ होतात, पण त्या फसव्या असतात. शब्द शोधण्याऐवजी एकच प्रश्न विचारला तर बहुतेक गुंता सुटतो: ज्या गोष्टीबद्दल बोलणं चाललं आहे ती आणि तिच्यासाठी बाहेरून आणलेली गोष्ट, या दोघींमध्ये वाक्याने कोणतं नातं लावलं आहे?

शब्द अर्थ कसा पोचवतो?

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. अभिधा म्हणजे सरळ, कोशातला अर्थ. ‘सभागृहाला चार दारं आहेत’ या वाक्यात सभागृह म्हणजे इमारतच.

आता ‘सगळं सभागृह उठून उभं राहिलं’ हे वाक्य घ्या. इमारत उठत नाही, उठतात ती आतली माणसं. ही झाली लक्षणा. ती लागू व्हायला तीन अटी लागतात. पहिली, शब्दशः अर्थ अडला पाहिजे. दुसरी, नवा अर्थ मूळ अर्थाशी कशाने तरी जोडलेला असला पाहिजे; इथे जागा आणि जागेतली माणसं हा तो दुवा. तिसरी, तसं बोलण्याची रूढी तरी असावी किंवा तसं बोलण्यामागे हेतू तरी असावा. दुसरी अट सुटली की वाक्य निरर्थक होतं. ‘सगळं कपाट उठून उभं राहिलं’ म्हटलं तर ऐकणारा अर्थ शोधत राहील, कारण कपाटाचा आणि माणसांचा दुवा त्याला सापडणार नाही.

दुवे अनेक प्रकारचे असतात. ‘रुग्णालयाने खुलासा केला’ इथे संस्था आणि तिच्या वतीने बोलणारी व्यक्ती. ‘कामाला चार नवे हात मिळाले’ इथे माणसाचा एक भाग आणि सगळा माणूस. इंग्रजी माध्यमातली मुलं ज्याला मेटॉनिमी आणि सिनेकडकी म्हणून शिकतात, ते हेच. दुवा सारखेपणाचा असेल, म्हणजे शूर माणसाला वाघ म्हटलं असेल, तर त्या लक्षणेला गौणी म्हणतात. रूपकाचा पाया हाच.

तिसरी शक्ती व्यंजना. ‘बाहेर अंधारून आलंय’ हे वाक्य अंगणात खेळणाऱ्या मुलाला सांगितलं तर ‘घरात ये’. निघालेल्या पाहुण्याला सांगितलं तर ‘आज राहा’. दोरीवर कपडे असतील तर ‘काढून आण’. इथे एकाही शब्दाचा अर्थ बदललेला नाही. जास्तीचा अर्थ प्रसंगातून आणि ऐकणाऱ्याकडून आला. म्हणूनच व्यंजनेने सांगितलेली गोष्ट नंतर नाकारता येते: ‘मी तर फक्त अंधाराबद्दल बोललो.’ टोमणे आणि आडून दिलेल्या धमक्या याच वाटेने जातात. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने या सुचवलेल्या अर्थाला, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटलं.

चार भाग, आणि त्यातले गळणारे

तुलनेच्या वाक्यात जास्तीत जास्त चार भाग असतात. ‘रात्र शाईसारखी काळी होती’ या वाक्यात रात्र हे उपमेय, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते. शाई हे उपमान, म्हणजे बाहेरून आणलेलं. ‘सारखी’ हा तुलना दाखवणारा शब्द, आणि काळेपणा हा दोघींत असलेला समान गुण.

चारही भाग उघड असले की उपमा पूर्ण झाली. पण यातला गुण बऱ्याचदा गाळला जातो: ‘रात्र शाईसारखी होती.’ आता काय सारखं, हे वाचकाने भरून काढायचं. काळी? दाट? हाताला चिकटणारी? गुण गाळला की वाक्याला धार येते, पण चुकीचा गुण उचलला जाण्याचा धोकाही वाढतो. जिथे अर्थ एकच लागायला हवा, अशा मजकुरात, उदाहरणार्थ सूचनापत्रकात, गुण गाळू नये.

एक रात्र, नऊ वाक्यं

आता रात्र आणि शाई तीच ठेवून फक्त नातं बदलत जाऊ. पुस्तकात प्रत्येक अलंकाराला वेगळं उदाहरण असतं. त्यामुळे फरक अलंकाराचा की विषयाचा, हेच कळत नाही.

‘रात्र शाईसारखी काळी होती.’ दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांच्यात साम्य आहे, एवढंच सांगितलं. ही उपमा.

‘रात्र म्हणजे जणू आभाळावर सांडलेली शाईच.’ इथे बोलणारा कल्पना करतो आहे की ती शाईच असावी. तसं नाही हे त्याला ठाऊक आहे आणि ठाऊक असल्याचं तो लपवतही नाही. ही उत्प्रेक्षा. उपमेत साम्य मांडलेलं असतं, उत्प्रेक्षेत संभावना, म्हणजे तसं असावं अशी कल्पना. फरक इतकाच आहे आणि तो ‘जणू’ या शब्दात नसून मांडणीत आहे.

‘रात्रीची शाई अंगणभर पसरली.’ आता ‘जणू’ही गेलं. दोन्ही एकच आहेत असं धरून वाक्य पुढे चाललं. हे रूपक.

‘ही रात्र नव्हेच, कोणीतरी आभाळात दौत उलटी केली आहे.’ उपमेय नाकारलं आणि त्याच्या जागी उपमान बसवलं. ही अपन्हुती. रूपकात नकार नसतो, इथे तो असलाच पाहिजे.

‘शाई निदान धुतल्यावर फिकी होते, ती रात्र तिच्याहून काळी.’ उपमेय उपमानाच्या वरचढ ठरलं. हा व्यतिरेक.

‘त्या रात्रीसारखी तीच रात्र.’ तुलनेला दुसरं काही मिळालंच नाही, म्हणून तिची तुलना तिच्याशीच. हा अनन्वय.

‘हिला रात्र म्हणावी की सांडलेली शाई?’ निर्णय होत नाही. हा ससंदेह. ‘शाई सांडली असं समजून पोराने अंधारावर टीपकागद दाबला.’ इथे निर्णय झाला, पण चुकीचा झाला आणि त्यावरून कृतीही घडली. हा भ्रान्तिमान. या दोघांची अदलाबदल फार होते. कोणी काही करून बसलं आहे का, एवढं पाहा. ससंदेहात माणूस विचारात थांबलेला असतो.

‘इतका अंधार, की काजव्यालाही स्वतःचा उजेड दिसेना.’ शाई इथे लागलीच नाही. गोष्ट शक्यतेच्या पलीकडे ताणली. ही अतिशयोक्ती.

एक बारकावा मात्र जाणकारांनाही अडवतो. ‘मुखकमल’सारखा सामासिक शब्द उपमा की रूपक? शब्दाकडे बघून ठरत नाही, क्रियापदाकडे बघावं लागतं. ‘मुखकमल हसलं’ म्हटलं तर हसणं मुखाचं. म्हणजे मुख मुख्य राहिलं, कमळ तुलनेपुरतं आलं. ही उपमा. ‘मुखकमल उमललं’ म्हटलं तर उमलणं कमळाचं. म्हणजे मुखाचं कमळच झालं. हे रूपक. क्रिया कोणाची, हा प्रश्न ‘ज्ञानदीप’, ‘संसारसागर’ अशा शब्दांनाही चालतो. ज्ञानदीप विझला, संसारसागर तरून गेला: विझणं दिव्याचं, तरून जाणं सागरातून, म्हणून ही रूपकं.

‘सारखा’ आहे म्हणजे उपमाच ना?

नाही. ‘तो सारखा रडतो’ यात ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘ती आईसारखी दिसते’ यात खरीखुरी तुलना आहे, पण माणसाची माणसाशी, माहिती देण्यासाठी केलेली. जुन्या ग्रंथांत यासाठी ठरलेलं उदाहरण आहे: ‘गवय गायीसारखा असतो.’ गवय हा रानातला प्राणी ज्याने पाहिला नाही त्याला ओळख पटावी म्हणून केलेली ही तुलना. तिला अलंकार मानत नाहीत. उपमेसाठी दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या असाव्या लागतात आणि त्यांना जवळ आणण्यात काही तरी चमक असावी लागते.

उलटही घडतं. ‘तिच्या बोलण्याशी मधाने काय स्पर्धा करावी!’ यात सारखा, समान, तुल्य, यातलं काहीच नाही, तरी नातं तुलनेचंच आहे आणि त्यात बोलणं मधाच्या वर आहे. शब्दाच्या मागे लागणारा हा व्यतिरेक हमखास चुकवतो.

निर्जीव गोष्टी चालायला-बोलायला लागतात तेव्हा

‘वाऱ्याने खिडकी ठोठावली’, ‘महागाईने डोकं वर काढलं’, ‘प्रशासनाला जाग आली’. निर्जीव किंवा अमूर्त गोष्टीला सजीवाची कृती चिकटवली की चेतनगुणोक्ती. इंग्रजीतलं पर्सॉनिफिकेशन ते हेच. मात्र ‘पाऊस आला’, ‘गाडी निघाली’, ‘वारा पडला’ यांत ती शोधू नका. ही त्या गोष्टींची नेहमीची क्रियापदं झाली आहेत. ठोठावणं हे काही वाऱ्याचं ठरलेलं क्रियापद नाही, म्हणून तिथे लक्ष जातं.

अलंकार शब्दाचा की अर्थाचा?

याची परीक्षा दोन मिनिटांत होते: शब्द काढा आणि त्याच अर्थाचा दुसरा घाला. ‘रात्र मसीसारखी काळी होती’ म्हटलं तरी उपमा शाबूत राहते, कारण मस म्हणजे शाईच. तो अर्थालंकार. आता ‘तो झाडाखाली वाचत बसला होता आणि वारा पानं उलटत होता’ हे वाक्य पाहा. पानं झाडाची की पुस्तकाची? दोन्ही. एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात, हा श्लेष. ‘पानं’ काढून ‘पृष्ठं’ घाला, खेळ संपला. शब्दाबरोबर जो जातो तो शब्दालंकार.

अनुप्रास आणि यमक याच घरातले. एखाद्या अक्षराच्या पुनरावृत्तीने नाद तयार झाला की अनुप्रास, ओळींच्या शेवटी ठरावीक जागी तीच अक्षरं आली की यमक. जाहिरातींच्या घोषणा या दोघांवर चालतात, कारण नादामुळे वाक्य लक्षात राहतं.

मग अतिशयोक्ती आणि खोटं बोलणं यांत फरक काय?

ही शंका रास्त आहे. फरक ऐकणाऱ्याच्या बाजूने ठरतो. काजव्याला स्वतःचा उजेड दिसला नाही, हे कोणी बातमी म्हणून घेत नाही. ताण इतका उघड असतो की ऐकणारा तो आपोआप सैल करून अर्थ घेतो. धोका असतो तो अर्धवट ताणलेल्या वाक्यात. ‘हजार वेळा सांगितलं’ ही अतिशयोक्ती. ‘तेवीस वेळा सांगितलं’ हे कदाचित खरं असेल, आणि खरं नसेल तर ते खोटं आहे. संख्या जितकी नेमकी, तितका ऐकणारा तिला शब्दशः घेतो. तक्रार अर्ज, जबाब, वैद्यकीय माहिती अशा ठिकाणी म्हणूनच अतिशयोक्ती कामाची नाही. ‘रात्रभर खोकत होता’ हे डॉक्टरांना सांगताना रात्रीतून किती वेळा जाग आली ते सांगावं.

बोलायचं एक, सांगायचं दुसरं

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्या प्रकाराला चपखल बसते, तो अन्योक्ती. समोर घड्याळ असतं: ‘घड्याळबुवा, काटे तर दिवसभर फिरवता, पण वेळ एकदाही बरोबर दाखवत नाही!’ रोख असतो शेजारी बसलेल्या माणसावर.

व्याजस्तुतीत वरून स्तुती आणि आतून निंदा असते, किंवा याच्या उलट. ‘वा, किती वेळेवर आलात! सभा आत्ताच संपली.’ तोंडी बोलताना सूर, भुवया, थांबे मदत करतात. लेखी निरोपात यातलं काहीच नसतं. म्हणून ‘वा, किती वेळेवर आलात!’ एवढंच लिहून पाठवलं तर ते कौतुक म्हणून वाचलं जाऊ शकतं. स्तुती खोटी पाडणारी माहिती त्याच वाक्याच्या शेजारी हवी.

पर्यायोक्तीत थेट शब्द टाळून आडवळणाने सांगतात. ‘ते आता आपल्यात नाहीत.’ दुःखात ती आधार देते. लहान मुलांना मात्र ती गोंधळात टाकते. ‘आजोबा झोपले’ असं ऐकलेलं मूल झोपायलाच घाबरू शकतं.

दृष्टांत आणि अर्थान्तरन्यास

परीक्षेत सर्वाधिक चुका बहुधा इथेच होत असाव्यात. दोन्हींत एक विधान असतं आणि त्याच्या पाठीशी दुसरं विधान. दुसरं विधान स्वतंत्र नियम म्हणून उभं राहतं का, ते तपासा. ‘रागाच्या भरात त्याने राजीनामा दिला आणि आता पस्तावतो आहे, घाईचे निर्णय महाग पडतात.’ उत्तरार्ध सर्वांना लागू पडणारा सिद्धांत आहे. हा अर्थान्तरन्यास. ‘एका क्षुल्लक चुकीने सारा हिशेब कोलमडला, भिंतीच्या बारीक चिरेत रुजलेल्या पिंपळाने वाडा पाडला.’ उत्तरार्ध हा नियम नाही, तसंच दुसरं चित्र आहे. हा दृष्टांत.

वाक्प्रचार हाही अलंकारच का?

वाक्प्रचाराच्या मुळाशी बहुतेकदा रूपक किंवा लक्षणा असते, पण तो आता घट्ट बांधला गेला आहे. ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ऐवजी ‘नेत्रांत माती टाकणे’ म्हटलं की फसवणुकीचा अर्थ उडून जातो. अलंकार लिहिणारा नव्याने घडवतो. वाक्प्रचार तयार मिळतो.

लिहिताना खरी अडचण तयार गोष्टी एकत्र कोंबल्याने होते. ‘प्रश्नांच्या डोंगरातून वाट काढत संस्थेची गाडी रुळावर येत असतानाच अंतर्गत वादांच्या वादळात बुडाली.’ डोंगर, गाडी, रूळ, वादळ, बुडणं: पाच चित्रं एका वाक्यात आणि एकमेकांना खोडणारी. लिहिणाऱ्याच्या मनात यातलं एकही चित्र उभं नव्हतं, म्हणून असं होतं. सुधारताना एक चित्र ठेवा आणि बाकीचं साध्या शब्दांत सांगा: ‘अडचणी सोडवून संस्थेची गाडी रुळावर येत होती, तेवढ्यात अंतर्गत वादांनी ती पुन्हा घसरली.’

एका ओळीत दोन अलंकार असतील तर?

असू शकतात आणि चांगल्या लेखनात असतातच. शास्त्रकारांनी याचेही दोन प्रकार केले. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी निवडता येतात, तसे अलंकार वेगळे काढता येत असतील तर संसृष्टी. दूध-पाण्यासारखे एकजीव झाले असतील तर संकर. परीक्षेत एकच पर्याय निवडायचा असेल, तर ज्या अलंकारावाचून वाक्याचा मुख्य अर्थच पडेल, तो निवडावा. यादी लांब आहे म्हणून घाबरू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी बारीक फरक करत संख्या शंभराच्या पुढे नेली.

पण हे सगळं कवितेपुरतंच ना?

घड्याळाचे काटे, करवतीचे दात, डोंगराचा पायथा, नदीचं मुख. ही रूपकं इतकी वापरली गेली की ती रूपकं आहेत हेच आपण विसरलो. आणि विचारही त्यांच्याच मदतीने करतो. वेळ वाचवतो, खर्च करतो, वाया घालवतो. म्हणजे वेळेला पैसा धरून चालतो. वादात बाजू लढवतो, हल्ला चढवतो, माघार घेतो. म्हणजे वादाला युद्ध धरतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये हा विचार सविस्तर मांडला, तेव्हापासून रूपकाकडे विचार करण्याची रीत म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

त्याने निर्णय बदलतात का? 2011 मध्ये पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी एका काल्पनिक शहरातल्या वाढत्या गुन्हेगारीवरचा मजकूर लोकांना वाचायला दिला. काहींच्या मजकुरात गुन्हेगारी हे हिंस्र श्वापद होतं, काहींच्यात विषाणू, आकडे तेच. श्वापद वाचलेल्यांनी पोलीस आणि तुरुंग हा उपाय जास्त सुचवला, विषाणू वाचलेल्यांनी मूळ कारणं दूर करण्याकडे जास्त कल दाखवला. कारण विचारल्यावर बहुतेकांनी आकड्यांकडे बोट दाखवलं, रूपकाकडे नाही. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी असाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मात्र रूपकाचा परिणाम आढळला नाही. त्यामुळे एका शब्दाने मत फिरतं असा दावा करता येत नाही.

तरी रूपक काय उजळतं आणि काय झाकतं, हे तपासणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. आणलेल्या गोष्टीचे गुण लिहून काढा आणि मूळ गोष्टीला ते लागू पडतात का पाहा. साथीच्या ‘लाटे’चं उदाहरण घ्या. लाट चढते, उतरते, पुन्हा येते, इतकं जुळतं. पण लाट कोणी काही केलं नाही तरी ओसरते, आणि साथ कधी ओसरेल हे माणसांच्या वागण्यावरही अवलंबून असतं; हे त्या शब्दात झाकलं जातं. किंवा ‘कर्करोगाशी झुंज’. रुग्णाची हिंमत त्यात दिसते. मात्र झुंज म्हटली की जिंकणारा आणि हरणारा आला. मग ‘त्यांची झुंज अपयशी ठरली’ या वाक्यात, पेशींच्या आणि औषधांच्या हिशेबात जे घडलं त्याचं अपयश गेलेल्या माणसाच्या नावावर पडतं. ‘कर्करोगाने त्यांचं निधन झालं’ या वाक्यात एकही अलंकार नाही, आणि त्या ठिकाणी तेच लिहावं.